दोन बॅटऱ्यांचा ट्रक

‘मिलिटरी डिस्पोजल’ हा शब्दप्रयोग पुणेकरांच्या मराठीत इतका रुळला आहे, की तो मूळचा परका आहे याची आठवणही कोणाला होत नाही. खडकी, देहूरोड, घोरपडी, दिघी अशा लष्करी वसाहतींनी वेढलेल्या या शहरात सैन्याने निकालात काढलेल्या वस्तूंना नेहमीच गिऱ्हाईक मिळत आले. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फेरफटका मारणाऱ्याला सैनिकी बूट, पाण्याच्या बाटल्या आणि ताडपत्र्या यांच्या शेजारी मोटारींचे सुटे भागही मांडलेले दिसत. पुऱ्या मोटारी मात्र लिलावात निघत. त्या घेणाऱ्यांत लाकडाचे व्यापारी असत, खाणवाले असत, ठेकेदार असत आणि क्वचित एखादी सेवाभावी संस्थाही असे. कमी किमतीत दणकट गाडी मिळते, एवढाच हिशेब त्यामागे असे. गाडीबरोबर तिच्या सवयीही घरी येतात, हे मागाहून कळे.

सन १९९२ च्या सुमारास मी रामवाडीला राहून धर्मगुरुपदाचे शिक्षण घेत होतो. १९५५ साली श्रीलंकेतील कँडीहून पुण्याला आलेल्या पेपल सेमिनरीमुळे नगर रस्त्याचा तो भाग ख्रिस्ती समाजाला परिचित आहे. आठवड्यातून एकदा आम्हा विद्यार्थ्यांना सेवाकार्यासाठी बाहेर पाठवीत. माझ्या वाट्याला येरवड्यातील एक संस्था आली. त्या संस्थेच्या आवारात लष्करातून निवृत्त झालेला एक शक्तिमान ट्रक उभा असे. उन्हाळ्यात वस्त्यांवर पाण्याची पिंपे पोहोचविणे, धान्याची पोती आणणे, मुलांची शिबिरे असली की तंबू आणि भांडीकुंडी वाहून नेणे, ही त्याची कामे होती.

शक्तिमान हे नाव आजच्या मुलांना दूरदर्शनवरील नायकाचे वाटेल. आमच्या पिढीला ते प्रथम ट्रकचे म्हणून ठाऊक होते. जर्मनीतील ‘एम.ए.एन.’ या कंपनीच्या परवान्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस जबलपूर येथे या ट्रकचे उत्पादन सुरू झाले. पुढे १९६९ साली तेथेच सैनिकी वाहनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत या ट्रकने सैन्याची पाठराखण केली. आमच्या ट्रकवर नवा रंग चढविलेला होता. तरीही उन्हात पाहिले की दारावर खालच्या जुन्या क्रमांकाची पुसट रेघ दिसे. आधी वर टोक असलेला बाण, मग खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे, ही सैन्याच्या वाहनांची ओळखीची खूण. मागच्या आसाच्या गोल पेटीवर पांढरा रंग होता आणि तिच्यावर प्रकाश टाकणारा एक चिमुकला दिवाही होता. रात्री सर्व दिवे मालवून ताफा चालला, की मागच्या चालकाने तेवढ्या पांढऱ्या ठिपक्याच्या मागे जायचे.

या ट्रकची एक खोड होती. संध्याकाळी चांगला चालत आलेला ट्रक सकाळी मुका होई. चावी फिरवून सेल्फचे बटण दाबले, की आतून एक ‘टक्’ असा आवाज येई आणि मग काहीच नाही. इतक्या अवजड वाहनाला धक्का मारून सुरू करणे आठ-दहा माणसांचेही काम नव्हे. म्हणून चालक तो नेहमी उतारावर उभा करी, चाकांखाली दगड लावी आणि सकाळी दगड काढून ट्रक घरंगळू देई. उतार संपायच्या आत इंजिनाने पेट घेतला, तर दिवस चांगला जायचा.

येथे डिझेल इंजिनाचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनाला प्रत्येक क्षणी ठिणगी लागते. वीज संपली की ते थांबते. डिझेलचे तसे नाही. हवा दाबून इतकी तप्त केली जाते, की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. एकदा सुरू झालेल्या त्या जुन्या इंजिनाला विजेची गरजच नसे. त्यामुळे चार्जिंग पूर्ण बंद पडले, तरी गाडी दिवसभर बिनतक्रार चालते. ओझे वाहते, घाट चढते. दोष लपून राहतो, आणि तो उघडा पडतो तो दोनच वेळी: पहाटे गाडी सुरू करताना आणि रात्री दिवे लावताना. आमच्या ट्रकला जो तो ‘चांगला चालतो’ म्हणे, आणि ते खरेही होते.

दुरुस्त्या पुष्कळ झाल्या. प्रथम डायनामोचा पट्टा सैल आहे असे ठरले. अंगठ्याने दाबला तर तो अर्धा इंच दबावा, याचा दुप्पट दबत होता. पट्टा ताणला आणि आठवडाभर ट्रक शहाण्यासारखा वागला. मग कार्बन बदलले. डायनामोच्या फिरत्या तांब्याच्या कड्यावरून वीज उचलून घेणारे ते काळे तुकडे झिजून गेले होते. आणखी दहा दिवस बरे गेले. मग संशय कटआउटवर आला. डायनामोचा दाब बॅटरीहून कमी झाला की दोघांमधील वाट तोडायची, हे या डबीतील चुंबकी कळीचे काम. तिची टोके चिकटून राहिली, तर उभ्या गाडीत बॅटरीची वीज उलटी डायनामोत शिरते आणि रात्रभर वाया जाते. टोके घासून साफ केली. त्यानंतर बॅटरीपासून चेसिसकडे जाणारी जाड अर्थिंगची पट्टी पाहिली, तर तिच्या बोल्टाखाली गंज होता. सेल्फ फिरताना शेकडो अँपिअर वीज खेचतो. तीनशे अँपिअरच्या वाटेत एका ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा आला, तरी तीन व्होल्ट तेथेच गळतात. गंज खरवडला, व्हॅसलीन लावली.

यातील एकही दुरुस्ती खोटी नव्हती. प्रत्येक ठिकाणी काही तरी बिघडलेले होतेच. इतक्या वर्षांच्या यंत्रात ते असणारच. प्रत्येक दुरुस्तीनंतर थोडे बरेही वाटे. मात्र दोन आठवडे उलटले, की पहाटेचे ते ‘टक्’ पुन्हा ऐकू येई. अखेर संस्थेतील मंडळींनी तो स्वभाव म्हणून स्वीकारला आणि उताराचा आधार घेतला.

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. उस्मानाबाद जिल्ह्याला आज धाराशिव म्हणतात; ते नाव पुढे आले, ती दुःखाची आठवण जुन्याच नावाशी जोडलेली राहिली. पुण्यातून मदतीचा ओघ सुरू झाला. संस्थेनेही कपडे, धान्य, औषधे आणि ताडपत्र्या गोळा केल्या. वाहन होते, परंतु हडपसर, सोलापूर, तुळजापूर, उमरगा असा तो रस्ता रात्रीचा कापायचा होता, आणि तिकडे सपाट माळावर ट्रक बंद पडला तर उतार कोठून आणायचा?

तेव्हा कोणीतरी येरवड्यातच राहणाऱ्या एका निवृत्त हवालदारांना बोलावून आणले. ते साताऱ्याकडचे. सैन्यातील मोटारी आणि यंत्रे दुरुस्त ठेवणाऱ्या ‘ई.एम.ई.’ या दलात त्यांची नोकरी झाली होती. आम्ही सर्वजण त्यांना काका म्हणत असू. त्यांनी इंजिनाचे झाकण उघडलेच नाही. चालकाला म्हणाले, ‘बॅटरीची पेटी उघडा.’

पेटीत दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी होत्या. सैन्याच्या अवजड वाहनांत चोवीस व्होल्टची व्यवस्था असते. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून ती साधतात. पहिलीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडायचे, म्हणजे दोघींची शक्ती मिळून गाडी चालते. काकांनी खिशातून वहीचा कागद काढून त्यावर बारा रकाने आखले. दोन बॅटऱ्यांचे मिळून बारा सेल. मग काचेचा हायड्रोमीटर प्रत्येक सेलमध्ये बुडवून ॲसिड वर ओढायचे, तरंगणाऱ्या नळीवरचा आकडा वाचायचा आणि रकान्यात मांडायचा, असे त्यांनी सावकाश बारा वेळा केले. मी त्यांच्याजवळ कंदील धरून उभा होतो.

पहिल्या सहा रकान्यांत अकराशे सत्तर, अकराशे साठ असे आकडे होते. पुढच्या सहांत बाराशे ऐंशी, बाराशे नव्वद. पाण्याची घनता एक हजार धरली, तर भरलेल्या बॅटरीतील ॲसिडची घनता साधारण बाराशे पन्नासच्या वर असते. रिकामी होत गेली की ती अकराशेवीसपर्यंत उतरते. म्हणजे एक बॅटरी अर्ध्याहून अधिक उपाशी होती. दुसरी भरलेली होती. पण तिच्यातील पाणी इतके आटले होते, की शिशाच्या पट्ट्या वर उघड्या पडल्या होत्या. ॲसिड दाट झाल्यामुळेच तिचा आकडा फुगला होता.

‘आता इंजिन चालू करा,’ काका म्हणाले. ट्रक उतारावरून सोडून सुरू केला. त्यांनी मीटर लावला. दोन्ही बॅटऱ्या मिळून अठ्ठावीस व्होल्ट. अगदी हवे तसे चार्जिंग. मग एकेकीवर लावला. उपाशी बॅटरीवर बारा व्होल्ट आणि वर आठ दशांश, भरलेलीवर पंधरा व्होल्ट आणि वर दोन दशांश.

‘ब्रदर,’ मला उद्देशून ते म्हणाले, ‘मीटर बेरीज सांगतो. वाटणी सांगत नाही.’

मग त्यांनी दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीवर बोट ठेवले. तेथून एक तांबडी वायर निघून फळीखालून चालकाच्या खोलीत गेली होती. तिच्यावर लाऊडस्पीकरचा ॲम्प्लिफायर होता, एक छोटा पंखा होता आणि मागच्या हौद्यातले दोन दिवे होते. हे सारे बारा व्होल्टचे. बाजारात बारा व्होल्टचे सामान सहज मिळते, ट्रक मात्र चोवीसचा; म्हणून कोणे एके काळी कोणीतरी एकाच बॅटरीतून सोयीने वायर काढून घेतली होती. ती कोणी काढली हे कोणालाच ठाऊक नव्हते. ट्रकबरोबरच ती आली असावी.

काकांनी समजावून सांगितले ते असे. शिबिरात, मिरवणुकीत, पाणी वाटताना ॲम्प्लिफायर तासन्‌तास चाले. ती सर्व वीज एकटी पहिली बॅटरी देई. परत भरताना मात्र डायनामोची वीज एकाच वाटेने दोघींतून जाते. पहिलीने जास्त दिले म्हणून तिला जास्त मिळत नाही. शिवाय रेग्युलेटरला फक्त दोघींची बेरीज दिसते. अठ्ठावीस झाले, की त्याला वाटते सर्व भरले, आणि तो ओघ कमी करतो. अशा रीतीने पहिली रोज थोडी उपाशी राहते. उपाशी राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे पांढरे कवच चढते आणि मग तिला खाऊ घातले तरी अंगी लागत नाही. दुसरीची गोष्ट उलट. तिच्याकडून कोणी काही मागत नाही, आणि पंधरा व्होल्ट मात्र तिच्यावर लादले जातात. ती उकळते, तिचे पाणी उडते, पट्ट्यांवरचा लेप सुटून तळाशी बसतो. एकीचा देऊन देऊन नाश आणि दुसरीचा न देता नाश, असा हा प्रकार होता.

या सगळ्यात तांबडा दिवा आपले काम चोख करीत होता. इंजिन सुरू झाले की तो विझे, आणि तो विझला की चार्जिंग चालू आहे असे सर्वांनी समजायचे. चार्जिंग चालूच होते.

उपाय सोपा होता. मधली वायर काढून टाकली. ॲम्प्लिफायर आणि दिव्यांसाठी तिसरी, स्वतंत्र बॅटरी घेतली. ती बाहेर वेगळी चार्ज करून आणायची. आजच्या काळात चोवीस व्होल्टमधून बारा व्होल्ट काढून देणारी लहान उपकरणे सर्रास मिळतात आणि ती दोन्ही बॅटऱ्यांतून सारखी वीज घेतात. त्या वेळी आम्हाला हाच मार्ग होता. मुख्य दोन बॅटऱ्यांपैकी एकही वाचण्याजोगी उरली नव्हती. ‘एकच बदलली तर?’ असे संस्थेच्या संचालकांनी विचारले. पैशाचा प्रश्न होताच. काकांनी मान हलविली. नवी आणि जुनी एकसर जोडली, की पहिल्या दिवसापासून पुन्हा तीच विषमता. जोडी एका वेळची, एका जातीची हवी. नाना पेठेतून नवी जोडी आणली गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रक निघाला. सोबत चालक, संस्थेचे दोन कार्यकर्ते आणि आम्ही तिघे विद्यार्थी होतो. सोलापूरच्या अलीकडे पाऊस लागला. दिवे अखेरपर्यंत एकसारखे राहिले. उमरग्याच्या पुढे एका तात्पुरत्या छावणीत आम्ही पोहोचलो, तेव्हा सामान उतरविण्याइतकीच प्रकाशाची गरज आहे असे दिसले. गावांतील वीज नाहीशी झाली होती. एका तंबूत जखमांची मलमपट्टी चालली होती आणि तेथील कंदील पुरत नव्हता. चालकाने ट्रक वळवून पुढचे दिवे तंबूवर सोडले. निघताना काकांनी बजावले होते, की इंजिन मंद फिरत असले तर डायनामो काहीच भरत नाही. उभ्या गाडीत दिवे लावायचे, तर इंजिनाचा वेग थोडा चढा ठेवा. त्याप्रमाणे त्या रात्री चालकाने इंजिन चढ्या वेगावर ठेवले. मध्यरात्री डिझेल वाचविण्यासाठी ते बंद केले आणि पहाटे एका बटणात सुरू केले. तेथे उतार नव्हता. तिसरी बॅटरी ॲम्प्लिफायरला होतीच; हरवलेल्या माणसांची नावे तिच्यावर पुकारली गेली.

पुढे मी धर्मगुरू झालो आणि गेली कित्येक वर्षे धर्मग्रामातील कुटुंबांना भेटी देत आलो आहे. त्या भेटींत हवालदारकाकांचे वाक्य मला पुनःपुन्हा आठवते. एका घरी आई सहा वर्षे अंथरुणाला खिळून होती. मुलगे शहरात नोकरीला. पैसे नियमित पाठवीत, सणाला येत, आईचे औषधपाणी कधी अडले नाही. गावात सर्वजण म्हणत, ‘त्या घराचे चांगले चालले आहे.’ बेरजेने ते खरेच होते. आईला उचलणे, धुणे, भरवणे, रात्री तीनदा उठणे हे मात्र एकट्या अविवाहित बहिणीकडे होते. ती कधी काही बोलली नाही. आई गेल्यानंतर महिन्याभरातच ती स्वतः आजारी पडली, आणि डॉक्टरांनी सांगितले की हा आजार पुष्कळ दिवसांचा आहे. भावांना अतोनात वाईट वाटले. ते दुष्ट नव्हते. त्यांच्यासमोरचा दिवा विझलेला होता, एवढेच.

दुसऱ्या बॅटरीचाही विचार व्हावा असे मला वाटते, कारण तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ज्याच्याकडून घरात किंवा धर्मग्रामात कोणी काही मागत नाही, असा माणूस सुखी असतो अशी आपली समजूत आहे. निवृत्त झालेला वडील माणूस, शिकलेला पण कामाला न लावलेला तरुण, ‘तुम्ही बसा, आम्ही पाहतो’ असे ऐकून बसलेली आजी: यांना आपण मान देतो, वाढून देतो आणि त्यांचे पाणी हळूहळू आटत जाते. चर्चची झाडलोट, आजाऱ्यांच्या भेटी, मुलांचे धर्मशिक्षण ही कामे वर्षानुवर्षे त्याच चार माणसांवर पडतात. त्या चौघांचा थकवा दिसतो. उरलेल्यांचा कंटाळा दिसत नाही; परंतु दोन्हींचे कारण एकच असते.

शक्तिमानचे उत्पादन १९९६ साली थांबले. सैन्यात त्याची जागा नव्या वाहनांनी घेतली आणि आमचा येरवड्याचा ट्रकही पुढे भंगारात गेला. दोन बॅटऱ्यांचा प्रश्न मात्र आता घराघरांत आला आहे. अनेक घरांतील मोठ्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. त्यांतील एकीवरच दुसरे काही जोडू नये, जुनीबरोबर नवी लावू नये, डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर महिन्याला प्रत्येक सेलमध्ये निराळी पाहावी, हे काकांचे नियम तेथेही जसेच्या तसे लागू पडतात.

किल्लारीहून परतल्यावर काकांनी संस्थेसाठी एक वही घालून दिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बारा सेलचे बारा आकडे तीत लिहायचे. बेरजेसाठी तेरावा रकाना त्यांनी आखलाच नव्हता. घरभेटीला गेलो की मीही ‘कसे चालले आहे?’ असे एकदाच सर्वांना मिळून विचारीत नाही. चहा होईपर्यंत स्वयंपाकघरात डोकावतो, ओटीवरच्या आजोबांजवळ बसतो, मुलाला फाटकापर्यंत बरोबर नेतो आणि प्रत्येकाला निराळे विचारतो. थोडा वेळ लागतो, इतकेच.